उठून चालू लागला म्हणजे वाचला, असे नव्हे

(जिल्हा मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



सकाळपासून कापसाच्या भावावर बोलणे झाले, विजेवर झाले, कर्जावर झाले. आता जे बोलायचे आहे ते बाजाराचे नाही, पण घराच्या हिशेबाचेच आहे. आम्ही डोक्याला लागणाऱ्या माराबद्दल बोलणार आहोत. काहींना वाटेल, हे डॉक्टरांचे काम, मेळाव्यात कशाला? डॉक्टरांचे काम माणूस दवाखान्यात पोचल्यावर सुरू होते. त्याआधीचे दोन तास, चार तास, कधी अख्खी रात्र, ही आपल्या हातात असते. माणूस राहणार की जाणार, हे पुष्कळदा त्या वेळातच ठरते.

शेतात काम करणाऱ्याचे हात मोडले तर प्लास्टर लागते, दोन महिने जातात, हात पुन्हा चालतो. मेंदूला पुन्हा पालवी फुटत नाही. तो एकदा दबून मेला की गेला. म्हणून या विषयाला अर्धा तास द्या. टिपून घेण्यासारखे पुष्कळ आहे. ज्यांना लिहिता येते त्यांनी लिहून घ्या, बाकीच्यांनी शेजाऱ्याकडून वाचून घ्या.

डोक्याला मार लागतो कुठे?

डोक्याचा मार म्हटले की शहरातल्या मोटारी डोळ्यांपुढे येतात. आपल्या शिवाराची यादी करून पाहा. ज्वारी हुरड्यात आली की रानडुकरे आणि पाखरे राखायला माणूस मचाणावर चढतो. रात्री झोपेत कूस बदलली की खाली. कडब्याची गंजी रचताना वरचा माणूस पेंढ्या झेलत झेलत मागे सरकतो आणि काठावरून जातो. शेळ्यांसाठी बाभळीचा, निंबाचा पाला तोडताना फांदी मोडते. विहिरीच्या कामावर वरून दगड निसटतो. नवा गोऱ्हा जुंपताना शिंगाचा हिसडा बसतो किंवा लाथ बसते.

कापसाची ट्रॉली भरली, दोर करकचून आवळले, की वर दोघे-तिघे बसून जिनिंगपर्यंत जातात. रस्त्यात खाली आलेली फांदी, नाहीतर एक खड्डा, एवढे पुरते. वेचणीला जाणाऱ्या बाया मालवाहू गाडीत दाटीवाटीने उभ्या असतात. बाजार करून रात्री मोटरसायकलवर परत येताना रोही आडवा येतो. यातले एकही उदाहरण कोणाला समजावून सांगावे लागत नाही. इथे बसलेल्या प्रत्येक गावात त्यातले एखादे घडून गेलेले आहे.

रस्त्यावरच्या मरणाचा सरकार हिशेब ठेवते. २०२२ साली देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत १०० मागे ४४ दुचाकीवरची होती. गंजीवरून पडलेला, मचाणावरून पडलेला, बैलाने उडवलेला या आकड्यात नाही.

चालत गेलेला खेळाडू

क्रिकेट पाहणाऱ्यांना रमण लांबा आठवत असेल. भारताकडून कसोटी आणि एकदिवसीय सामने खेळलेला फलंदाज. २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्यात एका क्लबच्या सामन्यात तो फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षणाला उभा होता. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते, म्हणून हेल्मेट घालायचे त्याने टाळले. फलंदाजाने मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला. तो पडला, पण उठला. स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेला. पाहणाऱ्यांना वाटले, निभावले. थोड्याच वेळात तो अत्यवस्थ झाला. डोक्यात रक्तस्राव झालेला होता. शस्त्रक्रिया झाली, पण २३ फेब्रुवारीला तो गेला. वय ३८.

धडधाकट खेळाडू, मोठे शहर, भोवती माणसे, शस्त्रक्रियेची सोय, हे सगळे असून असे झाले. मग तालुक्यापासून तीस किलोमीटरवर, कडब्याच्या गंजीवरून पडून, 'काही नाही, जरा चक्कर आली' म्हणत कपडे झटकून पुन्हा पेंढी उचलणाऱ्याचे काय?

आणि डोक्यात रक्त साचले म्हणजे सगळे संपले, असेही नाही. भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस बेटावर चेंडू लागला. कवटीला तडा गेला. त्याच्यावर तातडीने शस्त्रक्रिया झाली, खेळाडूंनी रक्त दिले. त्यांत समोरच्या संघाचा कर्णधार फ्रँक वॉरेलही होता. कॉन्ट्रॅक्टर वाचला आणि काही काळाने पुन्हा क्रिकेट खेळला. दोघांचा मार सारखा नव्हता, त्यामुळे तुलना करून कोणाला दोष देता येत नाही. पण एवढे खरे, की आतले रक्त वेळेत काढता येते आणि माणूस वाचवता येतो. त्यासाठी तो वेळेत टेबलावर पोचला पाहिजे.

आत काय होते?

कवटी म्हणजे बंद डबा. त्यात मेंदू हा लोण्याच्या गोळ्यासारखा मऊ असतो आणि पाण्यासारख्या द्रवात तरंगत असतो. डबा जोराने आपटला तर डब्याला पोचाही येत नाही, पण आतला गोळा भिंतीवर आपटतो. म्हणून बाहेर जखम नाही, रक्त नाही, याचा अर्थ आत मार नाही असा होत नाही. उलट डोक्याची कातडी फाटली की रक्त फार येते, माणसे घाबरतात, आणि मार मात्र वरवरचा असू शकतो. रक्ताच्या धारेवरून माराचे माप घेऊ नका. माणसाच्या शुद्धीवरून घ्या.

मार दोन प्रकारे बाधतो. पहिला प्रकार म्हणजे मेंदूला बसलेला हादरा. डॉक्टर त्याला कन्कशन म्हणतात. माणूस थोडा वेळ बधिर होतो, तेच तेच विचारतो, पडलो कसा ते आठवत नाही, डोके दुखते, मळमळते, तोल जातो, उजेड आणि आवाज सहन होत नाही. शुद्ध हरपलीच पाहिजे असे नाही. पुष्कळांची हरपत नाही. अशा माणसाचे सी.टी. स्कॅन काढले तर बहुधा स्वच्छ निघते, कारण हादरा फोटोत दिसत नाही. तरी तो खरा असतो.

दुसरा प्रकार जिवावरचा, तो म्हणजे आत रक्त साचणे. कानशिलाजवळ हाड पातळ असते आणि त्याच्या आतल्या अंगाने एक रक्तवाहिनी जाते. हाडाला चीर गेली की ती फाटू शकते. मग रक्त थोडे थोडे साचत जाते. भरल्या पोत्यात आणखी दोन पायल्या कोंबल्या तर पोते फाटते. कवटी फाटत नाही. जागा मेंदूलाच सोडावी लागते आणि तो दबत जातो. रक्त पुरेसे साचेपर्यंत माणूस बोलतो, चहा पितो, घरी चालत येतो. ही मधली शुद्ध काही मिनिटांची असते किंवा काही तासांची. घरचे म्हणतात, 'बरा होता, जेवला, झोपला, आणि सकाळी उठलाच नाही.' तो झोपला नव्हता. झोपेत बेशुद्ध होत गेला होता.

म्हाताऱ्या माणसांचे आणखी वेगळे. वयाने मेंदू थोडा आक्रसतो, त्याच्या भोवतीच्या बारीक शिरा ताणलेल्या असतात. उंबऱ्याला ठेच लागून पडलेल्या आजीच्या डोक्यात रक्त इतके सावकाश झिरपते की त्रास दोन-तीन आठवड्यांनी, कधी त्याहून उशिरा दिसतो. चालताना एक पाय ओढायला लागते, बोलण्यात घोटाळा होतो, माणसे ओळखेनाशी होतात. 'वय झाले' म्हणून सोडून देऊ नका. 'गेल्या महिन्यात पडली होती' हे वाक्य डॉक्टरला आवर्जून सांगा. हृदयासाठी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा आणि रोज दारू पिणारा, यांनाही हाच धोका जास्त.

धोक्याच्या खुणा

पुढच्यांपैकी एकही खूण दिसली तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्र असो, पाऊस असो, निघायचे.

एक, शुद्ध हरपली, मग ती अर्धा मिनिट का असेना.

दोन, एकापेक्षा जास्त वेळा ओकारी.

तीन, डोकेदुखी कमी न होता वाढत जाणे.

चार, झटके येणे.

पाच, गुंगी वाढणे, हाका मारून नीट जागे न होणे, बरळणे, ओळख न पटणे, एकाएकी आक्रमक होणे.

सहा, एक हात किंवा पाय लुळा पडणे, तोंड वाकडे होणे, जीभ जड होणे, दोन दोन दिसणे.

सात, डोळ्यांतल्या काळ्या बाहुल्या लहानमोठ्या दिसणे.

आठ, नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा स्वच्छ द्रव किंवा रक्त येणे. मार तिथे लागलेला नसताना डोळ्यांभोवती किंवा कानामागे काळेनिळे होणे.

यांपैकी काही नसले तरी काहींना त्याच दिवशी डॉक्टरकडे न्यायचेच: कंबरेपेक्षा उंच जागेवरून पडलेला, गाडीवरून फेकला गेलेला, पडल्याचे न आठवणारा, पासष्टीच्या पुढचा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेणारा. तान्हे मूल पडले आणि दूध पिईना, रडे थांबेना, किंवा टाळू फुगलेली दिसली, तर लगेच निघा.

पडल्या जागी काय करायचे?

माणूस पडला की दहा जण धावतात. एक बखोटीला धरतो, एक पायांना, आणि त्याला उचलून बसवतात. इथेच घात होतो. डोक्याला जोराचा मार असेल तर मानेचा मणका मोडलेला असू शकतो. मान वाकली तर आतली दोरी तुटून हातपाय कायमचे जातात. पहिले काम म्हणजे एकाने डोक्याकडे बसून दोन्ही हातांनी डोके आहे तसे धरून ठेवणे. बोलता येत असेल तर त्याला सांगा, 'हलू नको, आम्ही आहोत.'

मग श्वास पाहा. श्वास मानेच्याही आधी. तोंडात माती, रक्त, ओकारी असेल तर बोटाने काढा. बेशुद्ध असून ओकत असेल तर उताणा ठेवू नका, ओकारी श्वासनळीत जाऊन माणूस गुदमरतो. डोके, मान, पाठ एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी एकदम, ओंडका कलवावा तसे, कुशीवर वळवा. श्वास थांबला असेल तर छातीच्या मधोमध दोन्ही हातांनी जोरात आणि भरभर, मिनिटाला शंभर ते एकशेवीस वेळा दाबत राहा. कोणी येईपर्यंत थांबू नका.

रक्त येत असेल तर धुतलेला कपडा जखमेवर ठेवून दहा मिनिटे सलग दाबा. दर मिनिटाला उचलून पाहू नका. पण हाड खचलेले किंवा पिचपिचीत लागले तर तिथे दाबू नका, वरून सैल पट्टी गुंडाळा. डोक्यात काही रुतले असेल तर ओढून काढू नका. कानातून, नाकातून पाणी येत असेल तर बोळा कोंबू नका. हेल्मेट असेल तर श्वास अडत नसल्यास ते तसेच राहू द्या.

आता काय करायचे नाही ते. जखमेत हळद, चुना, तंबाखू, चहापत्ती, डिझेल काहीही भरायचे नाही. बेशुद्धाच्या किंवा गुंगीतल्या माणसाच्या तोंडात पाणी, चहा, दूध ओतायचे नाही, ते फुप्फुसात जाते. झटका आला तर चप्पल हुंगवायची नाही, दातांत चमचा घालायचा नाही. आजूबाजूचे दगड-धोंडे दूर करून झटका ओसरू द्यायचा. आणि मोटरसायकलवर दोघांच्या मधे बसवून न्यायचे नाही. मान लोंबत, डोके डुलत पंचवीस किलोमीटर नेलेला माणूस पोचेपर्यंत निम्मा संपलेला असतो. बाज किंवा दाराची फळी घ्या, सतरंजी टाका, डोक्याच्या दोन्ही बाजूंना गुंडाळलेले पंचे लावा, कपाळावरून पट्टी घेऊन बांधा. १०८ क्रमांकाची फुकट रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ पासून आहे. आधी तिला फोन. गाडी यायला वेळ लागणार असेल तर चारचाकीत बाज घाला आणि वाटेत गाठायचे ठरवा.

जायचे कुठे? जवळच्या प्राथमिक केंद्रात श्वास, रक्त, सलाईन सांभाळता येते. ते घ्या, पण तिथे रात्र काढू नका. कवटीच्या साध्या एक्स-रेत आतले रक्त दिसत नाही. ते सी.टी. स्कॅनमध्ये दिसते. १०८ वाल्यांना आणि डॉक्टरांना सरळ विचारा, 'सी.टी. आणि डोक्याची शस्त्रक्रिया दोन्ही होतात असे जवळचे ठिकाण कोणते?' झोपेचे किंवा गुंगीचे औषध मागू नका. त्याने खुणा झाकल्या जातात. दुखण्यावर पॅरासिटामॉल चालते. अॅस्पिरिन, आयब्रुफेन, डायक्लोफेनॅक अशी औषधे आत रक्तस्राव नाही हे ठरेपर्यंत टाळा, त्यांनी रक्त वाहणे वाढू शकते.

दारू, फवारणी आणि ऊन

आपल्याकडे एक गोष्ट फार होते. बाजारच्या दिवशी वाटेत माणूस पडलेला असतो, तोंडाला वास येतो, लोक म्हणतात, 'पडू द्या, उतरेल.' प्यालेल्याचा तोल जातो आणि डोके तोच आपटतो. दारूची गुंगी तासागणिक कमी होत जाते. डोक्यातल्या रक्ताची गुंगी तासागणिक वाढत जाते. वास येतो म्हणून सोडू नका. डोक्यावर हात फिरवून टेंगूळ, जखम, ओल आहे का पाहा. शंका असेल तर डोक्याचा मार समजूनच चाला.

दुसरी गोष्ट फवारणीची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसच्या आसपास शेतकरी आणि मजूर गेले, हे आपण विसरलेलो नाही. ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये शेतात माणूस कोसळलेला सापडला तर तो पडून बेशुद्ध झाला की विषाने बेशुद्ध होऊन पडला? कपाशीवर मारतात त्या पुष्कळशा कीटकनाशकांच्या बाधेत दोन्ही बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, घाम आणि लाळ सुटते, अंग थरथरते. डोक्यातल्या रक्ताने बहुधा एक बाहुली मोठी होते. दोन्ही एकदमही असू शकतात. डॉक्टरला दोन्ही सांगा आणि औषधाचा डबा सोबत न्या. वैशाखात कोसळलेल्याचे अंग तापलेले असेल तर उष्माघात समजून सावलीत नेऊन अंग ओले करा, पण पडताना डोके आपटले का, हे तिथेही विचारा.

पहिली रात्र

समजा डॉक्टरने तपासले, घरी पाठवले. किंवा मार इतका साधा वाटला की नेलेच नाही. दोन्ही बाबतींत पहिले चोवीस तास त्या माणसाला एकटे सोडायचे नाही. मचाणावर राखणीला नाही, रात्री पाणी द्यायला नाही, ट्रॅक्टरवर नाही, मोटरसायकलवर नाही, दारू नाही.

झोपू द्यायचे की नाही? झोपूच द्यायचे नाही, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. झोप हवी. पण पहिल्या रात्री दर दोन तासांनी पुरते जागे करून पाच गोष्टी पाहायच्या. नाव आणि गाव विचारायचे. दोन्ही हातांनी आपली बोटे दाबायला लावायची, जोर सारखा आहे का पाहायचे. दोन्ही पाय उचलायला लावायचे. डोळ्यांवर बॅटरी मारून बाहुल्या सारख्या आहेत का, उजेडाने आक्रसतात का पाहायचे. डोके वाढून दुखते का, ओकारी झाली का विचारायचे. प्रत्येक वेळी वाजले किती आणि दिसले काय, ते पोराच्या वहीत लिहायचे. उद्या डॉक्टरपुढे ही वही ठेवली तर ती दहा तोंडी सांगण्यांपेक्षा कामाला येईल.

डॉक्टर शुद्ध मोजायला १९७४ साली ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी केलेली ३ ते १५ गुणांची मोजपट्टी वापरतात. आपल्याला चार पायऱ्या पुरेत: आपणहून जागा आहे, हाक मारली तर ओ देतो, चिमटा काढला तरच हलतो, कशालाच जागत नाही. एका पायरीने जरी माणूस खाली उतरला तरी गाडी बोलवा.

मागाहूनचे दुखणे

जीव वाचला म्हणजे काम संपले नाही. हादऱ्यानंतर पहिले दोन दिवस विश्रांती, मग थोडे थोडे चालणे, हलके काम. डोके दुखू लागले तर एक पायरी मागे. बहुतेक मोठी माणसे दोन आठवड्यांत, मुले महिनाभरात सावरतात. काहींना महिनोन् महिने लागतात. या काळात माणूस चिडतो, विसरतो, हिशेब चुकतो, झोप लागत नाही, गर्दी नको वाटते. घरचे म्हणतात आळशी झाला, शेजारी म्हणतात बाहेरचे काही लागले. अंगारे-धुपारे करू नका. दुखणे मेंदूचे आहे, दिसत नाही एवढेच.

या दिवसांत दुसरा मार बसला तर तो पहिल्यापेक्षा फार महागात पडतो. म्हणून कबड्डीत, कुस्तीत डोके आपटलेल्या पोराला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवायचे नाही. क्रिकेटच्या जागतिक मंडळानेही २०१९ पासून डोक्याला मार लागलेल्या खेळाडूच्या जागी दुसरा घेण्याची परवानगी दिली. पैसेवाल्या खेळाला जे पटले ते आपल्या शाळेच्या मैदानाला पटायला हरकत नाही.

पण आम्हाला ठाऊक आहे, ऐन वेचणीत 'पंधरा दिवस आराम' हे डॉक्टरचे वाक्य घरात कसे ऐकले जाते. बोंडे फुटलेली, मजूर मिळत नाही, सावकार दारात. माणूस तिसऱ्या दिवशी डोक्याला फडके बांधून वावरात जातो. त्याला दोष देऊन काय उपयोग? आपल्याकडे सावडीची रीत होती. एकाचे काम दहा जण करीत, मग दुसऱ्याचे. ज्याच्या डोक्याला मार लागला त्याची पंधरा दिवसांची वेचणी, पाळी, गुरांचे पाणी गावाने सावडीने करावे. यापेक्षा स्वस्त औषध नाही.

पोलीस, पैसा आणि कागद

'उचलला तर पोलीस केस आपल्या मागे लागेल' या भीतीने रस्त्यावर माणसे बघत उभी राहतात. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच सांगितले, की जखमीवर उपचार करणे हे सरकारी, खाजगी प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे, पोलिसांचे कागद मागाहून. २०१६ साली न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारे नियम कायम केले आणि २०१९ च्या दुरुस्तीने ते मोटार वाहन कायद्यात आले. मदत करणाऱ्यावर खटला भरता येत नाही, साक्षीदार होण्याची सक्ती करता येत नाही. हे गावात चारचौघांत सांगा.

खर्चाचे म्हणाल, तर महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्यातल्या सगळ्या कुटुंबांना लागू करण्याचा आणि मर्यादा पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय २०२३ साली झाला. रस्त्यावरच्या अपघातात पहिल्या सात दिवसांत दीड लाखापर्यंत रोकडविरहित उपचाराची केंद्राची योजना मे २०२५ मध्ये लागू झाली. दारातच विचारा, 'या दवाखान्यात या योजना चालतात का?' रेशनकार्ड आणि आधार घरात एका पिशवीत ठेवा.

शेतकऱ्याच्या अपघातासाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची सानुग्रह अनुदान योजना आहे. २०२३ च्या निर्णयाप्रमाणे सातबारावर नाव असलेल्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला ती लागू. मृत्यू झाला तर दोन लाख, दोन डोळे किंवा दोन अवयव गेले तर दोन लाख, एक डोळा किंवा एक अवयव गेला तर एक लाख. उंचावरून पडणे त्यात बसते. म्हणून पहिल्या कागदावर खरे कारण लिहून घ्या, 'गंजीवरून पडला' तर तेच.

पण भावांनो, ही यादी पुन्हा वाचा. हात मोजला, पाय मोजला, डोळा मोजला. ज्याचे हातपाय शाबूत आहेत पण आठवण गेली, बोलणे गेले, बियाण्याचे पैसे मोजता येत नाहीत, त्याच्यासाठी या यादीत रकाना नाही. आणि जो सातबारावर नाही, जो तुमच्या-आमच्या गंजीवर मजुरीने चढला, तो तर यादीतच नाही. मेंदूच्या कायमच्या इजेला या योजनेत जागा मिळाली पाहिजे आणि शेतमजूर त्यात आला पाहिजे, अशी मागणी या मेळाव्याने करावी असे आम्ही सुचवतो.

गावी गेल्यावर

सरकारकडून मिळायचे ते मिळेल तेव्हा मिळेल. पुढच्या गोष्टींना सरकार लागत नाही.

भरल्या ट्रॉलीवर, कापसाच्या ढिगावर कोणी बसणार नाही. मचाणाला चारी बाजूंनी मांडीएवढा उंच कठडा बांधायचा. गंजी रचताना, झाडावर चढताना खाली एक माणूस हवाच. विहिरीत उतरणाऱ्याच्या डोक्यावर टोप. मोटरसायकलवर दोघांनाही हेल्मेट, बाजाराला जातानाही. हेल्मेटने डोक्याची इजा १०० पैकी ६९ भागांनी आणि मरणाचा धोका ४२ भागांनी कमी होतो असे अभ्यासांतून दिसले आहे. बैलाला झूल घेतो, पंपाला कुलूप घेतो, डोक्याला हजार रुपये जड होऊ नयेत.

पंचायतीच्या भिंतीवर तीन ओळी रंगवा: १०८, सी.टी. स्कॅन आणि शस्त्रक्रिया होणाऱ्या दवाखान्याचे नाव. रात्री निघणाऱ्या गावातल्या गाडीवाल्याचा फोन. एक बाज, दोन दोर, चार पंचे देवळात ठेवा आणि पाच-सहा जवानांनी माणूस उचलायचा सराव एकदा करून पाहा. त्यात बायाही हव्यात, कारण दिवसा वावरात आणि घरात त्याच असतात.

आणि गंजीवरून पडलेला माणूस कपडे झटकून 'मला काही झाले नाही' म्हणाला, तर त्याला म्हणा, 'बरे झाले, पण आजची रात्र आम्ही तुझ्या घरी आहोत.' दुसऱ्या दिवशी तो ठणठणीत उठला तर आपली एक झोप गेली, एवढेच.

आमचे बोलणे संपले. प्रश्न असतील तर विचारा, आणि ठरावाला हात वर करा.